कात्रीने तोडलेली अँटी

मी एक जुनी, अर्धी गोळ्यांची पट्टी आहे. अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी. माझ्या पाठीवरच्या चंदेरी कागदावर एक लांब शब्द छापला होता. त्याचे पुढचे टोक कात्रीने गेले. उरले ते एवढेच:

अँटी–

मित्रांनो, या तुटक्या नावाचा मला वीट आला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अख्खी होते. दहा कप्पे, दहा गोळ्या, पूर्ण नाव. कानडी मुलखात, जयनगरच्या एका मेडिकलमध्ये स्वच्छ खोक्यात बसून असायची. मग खंडोजीअण्णांच्या कमरेला नागीण उठली. डॉक्टरांनी दिवसाला पाच अशा सात दिवसांच्या पस्तीस गोळ्या लिहिल्या. दुकानदार मंजुनाथने तीन अख्ख्या पट्ट्या काढल्या आणि चौथी, म्हणजे मला, मधोमध कापले. 'अँटी' अण्णांच्या पिशवीत गेली. बाकीचे नाव मंजुनाथच्या ड्रॉवरमध्ये राहिले.

माझ्या बहिणींनी सहा दिवस काम केले. विषाणूला वाढू दिले नाही. फोड वाळले. आणि कौतुक कोणाचे झाले? कावेचे! अण्णांच्या आई सकवारबाई रोज वाटीत कालवून फासत होत्या, त्या लाल चिखलाचे. "काव लावली म्हणून वेढा पुरा झाला नाही," असे त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

सातव्या दिवशी अण्णा म्हणाले, "वाळलंय की आता. कशाला गोळ्या?"

सातव्या दिवसाच्या पाच गोळ्या म्हणजे मी.

माझी रवानगी बिस्किटाच्या डब्यात झाली. काय तो डबा! तळाला सांडलेल्या खोकल्याच्या औषधाचा चिकट थर, त्यात केस, त्यात झुरळाचा एक पाय. शेजारी आणखी एक कापलेली पट्टी. तिच्याही पाठीवर 'अँटी–'. ती जिवाणूंवरची, मी विषाणूंवरची. घरात मात्र दोघींना एकच हाक. अण्णांना सर्दी झाली तेव्हा त्यांनी माझी एक गोळी फोडली.

"ती कसली?" त्यांच्या बायकोने, भव्याने विचारले.

"अँटी आहे गं. सगळ्याला चालते."

नाही चालत! मी विषाणूंच्या एका कुळासाठी घडवलेली आहे, आणि सर्दी त्या कुळातली नव्हे. पण मला कोण विचारतो? अण्णांनी गोळी चघळली, कडू लागली म्हणून थुंकली आणि, सांगतानाही किळस येते, लाळेने बुळबुळीत झालेली ती गोळी पुन्हा माझ्याच कप्प्यात कोंबली.

ती तिथेच सुकली. मीही.

वर्षभराने सकवारबाईंच्या कपाळाची डावी बाजू पेटली. आग, ठणका, बारीक फोड.

"सर्पसुत्तु तर नाही?" भव्याने नागिणीचे कानडी नाव घेतले.

"मला झालीय, मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "ती कमरेला वेढा घालते. कपाळाला कसला वेढा? उष्णता आहे ही."

त्यांनी डब्यात हात घातला. बोटे माझ्यावर आली. "शी, चिकट झालीय," म्हणून पुढे सरकली आणि शेजारणीला घेऊन गेली. स्वतःच्याच थुंकीची किळस!

"सरी, बरं, दे ती आंटी," सकवारबाई कण्हत म्हणाल्या. "कुणाची का असेना, कामाला आली म्हणजे झालं."

दोन दिवस त्या तीच गिळत राहिल्या. तिसऱ्या सकाळी नाकाच्या शेंड्यावर फोड आला आणि डावी पापणी सुजून मिटली.

"अत्ते, उठा. रिक्षा आलीय," भव्या सासूला म्हणाली. डबाही तिने तसाच काखेत मारला.

डॉक्टर महानंदा निपाणीकडच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी नाकावरचा फोड पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "नागीण आहे ही. डोळ्यावर चाललीय. इतके दिवस काय केलंत?"

"दिली होती की अँटी," अण्णा पुटपुटले.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना उलटे करून पाहिले. "अण्णा, अँटी म्हणजे नुसतं 'विरुद्ध'. कुणाच्या विरुद्ध, ते पुढच्या अर्ध्या शब्दात असतं. ते तुम्ही दुकानातच ठेवून आलात."

"म्हणजे दोन दिवस मी भलत्याच आंटीला पोसलं!" सकवारबाई एका डोळ्याने लेकाकडे बघत म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी मला चिमटीत उचलले. "ही त्या रोगावरची खरी. पण हिची तारीख गेलीय, आणि ही…" त्यांना ती उष्टी गोळी दिसली. त्यांनी नाक मुरडले. मित्रांनो, वर्षभरात पहिल्यांदा कोणाला तरी माझ्याइतकी किळस आली. मला फार बरे वाटले.

नव्या पस्तीस गोळ्या लिहून डॉक्टरांनी सकवारबाईंना तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. मी टेबलाजवळच्या टाकाऊ औषधांच्या डब्यात पडले.

आठव्या दिवशी सकवारबाई आल्या. डोळा उघडला होता. वाचला होता, पण बारीक अक्षर आता धूसर दिसते म्हणाल्या.

"काल हा म्हणतो, वाळलंय, उरलेल्या पाच कशाला?" त्यांनी अण्णांकडे हात केला. "म्हटलं, दे इकडे. तू सोडल्या होत्यास, मी नाही सोडणार."

पुरावा म्हणून त्यांनी एक अर्धी पट्टी टेबलावर आपटली. पाचही कप्पे फुटलेले.

मित्रांनो, औषध कापून मिळाले तर त्याचे पूर्ण नाव विचारून घ्या. जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. उरले तर डब्यात कुजवू नका, दुसऱ्याच्या तोंडात घालू नका.

डॉक्टरांनी ती रिकामी पट्टी माझ्या डब्यात टाकली. ती माझ्या शेजारी, पाठ वर करून पडली. मंजुनाथची कात्री या वेळी उलट्या बाजूने फिरली होती. तिच्या पाठीवर लिहिले होते:

–व्हायरल