चढावरची बाटली

गुडघ्यांनी दगा दिला आणि शर्यती गाजवलेला सायकलपटू कोच होऊन मेकॅनिकच्या शेजारी, शर्यतीमागून जाणाऱ्या संघाच्या गाडीत बसला. बसला कसला, चडफडायचा नुसता.

आज चढावर त्याची शिष्या पाण्यासाठी गाडीजवळ आली. त्याने खिडकीतून बाटली पुढे केली. काही कामचोर सायकलपटू अशी बाटली सोडतच नाहीत, गाडीबरोबर फुकट ओढले जातात. अशांना तो शिव्यांची लाखोली वाहायचा.

तिने बाटली धरली, तसा तिच्या पायडलचा प्रत्येक हिसका त्याच्या खांद्यापर्यंत पोचला. किती वर्षांनी! त्याचे पाय बसल्या जागी फिरू लागले.

मागून पंचाची शिट्टी वाजली. "सोड ती बाटली!" मेकॅनिक तिच्यावर खेकसला.

"मी कुठे धरून ठेवलीय?" ती कळवळली. "सर, तुम्ही सोडा ना!"