पाचशेतले पाच, पन्नासातले चार

गाब्रोव्हो शहरातल्या औषध कारखान्यात दर महिन्याला गोळ्यांच्या वजनातलं विचलन, म्हणजे ठरलेल्या वजनापासूनचा फरक, फळ्यावर लागायचं. ज्याचं कमी, त्याचा फोटो फुलं लावून दारात; ज्याचं जास्त, त्याची मशीनवरून उचलबांगडी. ही शर्यत लावणाऱ्या वरिष्ठांना आकडे कळत नव्हते असं नाही, त्यांना फक्त फळा भरायचा होता.

या खेपेला कॅल्शियमच्या मोठ्या गोळ्या काढणाऱ्या स्तोइलचं विचलन पाच मिलिग्रॅम, तर हृदयविकाराच्या चिमुकल्या गोळ्या काढणाऱ्या पेनाबाईंचं चार. स्तोइल आवराआवर करत होता. प्रयोगशाळेतली रालित्सा मात्र ऑफिसकडे धावली. पेनाबाई तिच्या सासूबाई, आणि त्यांच्या गोळ्यांची गाडी भरून फाटकात उभी होती.

"कॉम्रेड, गाडी सोडू नका," ती व्यवस्थापक गेनोव्हना म्हणाली. "स्तोइलची गोळी पाचशेची. त्यात पाच म्हणजे शेकडा एक. आईंची पन्नासची, त्यात चार. शेकडा आठ झाले."

"मर्यादा पाचाची आहे. चार आत बसतात ना?"

"ती मोठ्या गोळीची मर्यादा. आपण डोळे मिटून सगळ्यांना लावली. पेशंटला आज औषध कमी जाईल, उद्या जास्त."

"आणि गाडी का अडली, हे वर कोण सांगणार? तू?" गेनोव्हनी पाठवणीचा कागद सहीसाठी आलेल्या पेनाबाईंपुढे सरकवला. मशीनवालीच्या सहीशिवाय माल हलत नसे.

पेनाबाईंनी पेन उचललं. "बरी सापडले तुला. घरात माझं सूप खारट, इथं माझ्या गोळ्या वाईट."

रालित्साला रडू येत होतं. याच बाईबरोबर एका छपराखाली जन्म काढायचा होता. तरी ती बोलली.

"आई, बाबांच्या हृदयाच्या गोळ्या संपत आल्यात. यातल्याच नेऊ घरी?"

नवऱ्याचा विषय निघताच पेनाबाईंचा हात थबकला. गेनोव्ह घसा खाकरत होते.

"आठवडाभर मशीन अडखळतंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चार तर आहेत, चालतंय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "सही होणार नाही, कॉम्रेड. माल उतरवून घ्या. आणि मशीनवरून काढायचं तर मला काढा, स्तोइलला नको."

दाराशी त्यांनी रालित्साचा दंड धरला, चांगला घट्ट.

"घरी हे मीच सांगणार. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

"नाही घालणार, आई."