हिरव्या आकड्यांचं घड्याळ आणि विल्माचा मसाला

मित्रांनो, मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे आणि इतकी वर्षं टिकटिक करूनही माझ्या डोक्यातला एक गोंधळ काही सुटलेला नाही. माझं कौतुक करायचं की माझ्यापासून चार हात लांब राहायचं? तुम्ही माझी गोष्ट ऐका आणि तुम्हीच ठरवा बाबा!

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेची चाकं, पोलादाची स्प्रिंग, डोक्यावर दोन घंटा. सगळ्यात शेवटी एका मुलीने बारीक कुंचल्याने माझे आकडे आणि काटे रंगवले. तो रंग साधासुधा नव्हता. अंधार झाला की तो आपोआप हिरवागार चमकायचा! सगळे त्याला नुसतं ‘रेडियम’ म्हणायचे. रेडियम म्हणजे काय, ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपण चमकतो, म्हणजे आपण एकदम भारी, एवढंच मला कळत होतं.

बोटीने मी मुंबईला आलो आणि गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घरात माझा मुक्काम पडला. घरातला मुलगा मॅट्रिकला बसणार होता. त्याने पहाटे उठावं म्हणून त्याच्या वडिलांनी मला विकत घेतलं. तो मुलगा म्हणजे श्यामकांत. मी पहाटे असा काही ठणाणा करायचो, की श्यामकांत सोडून बाकी सगळी वाडी उठायची!

पण माझा खरा थाट रात्रीचा. वाडीतली पोरं पांघरुणाचा तंबू करायची, मला आत घ्यायची आणि माझे आकडे बघत “हाऽऽ” करायची. शेजारच्या घरातली विल्माही त्यात असायची. तिच्या आईला वाटायचं, पोरगी प्रार्थना म्हणतेय. पोरगी माझ्यासमोर डोळे विस्फारून बसलेली!

दिवस काय, कुणासाठी थांबत नाहीत, आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हळूहळू माझा हिरवा उजेड मंदावला आणि एक दिवस पार विझला. भिंतीवर सेलचं घड्याळ आलं, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. पोरं मोठी होऊन कुठे कुठे गेली. श्यामकांतची बायको यशोदा माझा उपयोग वर्तमानपत्र उडू नये म्हणून करायला लागली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? फक्त श्यामकांत मला विसरला नाही. बँकेतून रिटायर झाला, केस पांढरे झाले, तरी देव्हाऱ्यात दिवा लागला की तो मला टेबलावरून उचलायचा, गॅलरीत नेऊन उभा राहायचा आणि रस्त्याकडे बघत बघत चावी द्यायचा. त्या दोन मिनिटांसाठी मी दिवसभर धावायचो.

आणि मग दोन हजार अकरा सालचा तो मार्च महिना आला.

जपानमध्ये मोठा भूकंप झाला. समुद्र गावांमध्ये घुसला आणि किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाले. टीव्हीवर दिवसभर तेच. ती वाहून जाणारी घरं बघून यशोदा पदराने डोळे पुसायची. पण दोन-चार दिवसांत तिचं रडू थांबलं आणि भीती सुरू झाली. म्हणे, तिथलं रेडिएशन वाऱ्याबरोबर इथे येणार! मोबाइलवर धडाधड मेसेज यायला लागले. पावसात भिजू नका, कातडी जळेल. घशाला आयोडीन लावा. मासे खाऊ नका.

“आजोबा, मार्चमध्ये मुंबईत पाऊस कुठून आणणार?” श्यामकांतची नववीतली नात सुरुची हसत सुटली.

“तू गप गं,” यशोदा म्हणाली. “तुला काय कळतंय?”

कळत तर कुणालाच नव्हतं. टीव्हीवर सांगत होते, आपल्याकडे तपासणी चालू आहे, धोका नाही. पण तपासतंय कोण, कुठे, आणि सापडलं किती? वाडीच्या तोंडाशी उभी राहून माणसं हेच विचारत होती आणि एकमेकांना हेच सांगत होती. मी तर चक्रावूनच गेलो. न दिसणारी, वास नसलेली, आवाज नसलेली गोष्ट, आणि तिला सगळे घाबरतायत!

नेमक्या त्याच दिवसांत विल्माने मिरच्या वाळत घातल्या. विल्माचा बाटली मसाला म्हणजे वाडीची शान. उन्हाळ्याच्या तोंडाला गल्लीत चटया पसरायच्या, त्यावर लालभडक मिरच्या, धणे, हळकुंडं. मग सगळं भाजायचं, कुटायचं आणि काळ्या बाटल्यांमध्ये ठासून भरायचं. पार वांद्र्याहून, वसईहून माणसं बाटल्या सांगून ठेवायची. नवरा गेल्यापासून विल्माचं घर या मसाल्यावरच चालत होतं.

पण या वर्षी मिरच्या बघून माणसं चटईला वळसा घालून जायला लागली.

“उघड्यावर आहेत ना,” कुणीतरी कुजबुजलं. “सगळं वरून त्यांच्यावरच पडणार.”

विल्माने ते ऐकलं. ती सरळ श्यामकांतच्या दारात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय रे श्याम, लहानपणापासून हा मसाला खातोस. या वर्षी तुझी बाटली लिहू की नको?”

श्यामकांत चुळबुळला. “अगं, मला काही नाही. पण आता वरचा हितेंद्र रेडिएशन मोजायचं यंत्र आणतोय. एकदा मोजून घेऊ या ना. सगळ्यांच्या मनातलं निघून जाईल.”

“मोज,” विल्मा म्हणाली. “पण जे निघेल ते मोठ्याने सांगायचं. कुजबुज मला चालणार नाही.”

हितेंद्र वरच्या मजल्यावर राहायचा, विम्याच्या ऑफिसात काम करायचा. रेडिएशनबद्दल त्याने इंटरनेटवर इतकं वाचलं होतं, की तो आता जवळजवळ शास्त्रज्ञच झाला होता! त्याची मैत्रीण व्हेनेसा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवायची. तिच्याकडून त्याने ते यंत्र, म्हणजे गायगर काउंटर, मागून आणलं. रविवारी संध्याकाळी अर्धी वाडी श्यामकांतच्या खोलीत जमली. टेबलावर मी होतो. माझ्या शेजारी, अगदी खेटून, विल्माच्या मिरच्यांची ताटली ठेवली. हितेंद्रने यंत्र चालू केलं.

टक्… टक्… टक्.

“घाबरू नका,” तो हात वर करून म्हणाला. “थोडंफार रेडिएशन सगळीकडे असतंच. जमिनीत, हवेत, आपल्या अंगातसुद्धा.”

मग त्याने यंत्र ताटलीजवळ आणलं. टक् टक् टकटकटकटकटक!

माझी काय अवस्था झाली सांगू? मला वाटलं, हा माझाच कुणी लांबचा भाऊ! टिकटिक मीही करतो, टकटक हाही करतोय. फक्त बिचाऱ्याला वेळेचं भान नाही. मी आनंदाने जोरात टिकटिकलो, आणि बघतो तर माणसं मागे सरकतायत, यशोदा तोंडाला पदर लावतेय. आणि विल्मा! तिचा चेहरा असा पडला की काही विचारू नका.

“पुन्हा कर,” ती म्हणाली.

हितेंद्रने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“सॉरी आँटी,” तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून विल्माच्या घरातला फोन वाजत राहिला. “या वर्षी नको,” “आमच्याकडे लहान मूल आहे ना,” “राग मानू नकोस हं.” यशोदाने तर घरातली गेल्या वर्षीची अर्धी बाटलीसुद्धा कचऱ्यात टाकली. ती बाटली भरली तेव्हा जपानमध्ये काहीच झालं नव्हतं, हे तिच्या लक्षातही आलं नाही! विल्माच्या गल्लीतल्या चटया उचलल्या गेल्या. मिरच्यांची पोती जिन्याखाली रचली गेली आणि आता ती कुठे नेऊन टाकायची, यावर माणसं तिच्या दारात उभी राहून तिच्याच देखत चर्चा करू लागली.

मंगळवारी संध्याकाळी विल्मा पुन्हा आली. हातात एक वाटी. वाटीत मिरच्याच.

“हितेंद्रला बोलाव,” ती श्यामकांतला म्हणाली. “त्याने आत्ता माझ्या घरी येऊन मोजलं. पोत्यात मोजलं, भाजलेलं मोजलं, कुटलेलं मोजलं. त्याचं ते यंत्र नुसतं टक्… टक्… झोपा काढतंय. आणि इथे आणलं की बोंबा मारतं? माझ्या मिरच्यांना तुझं घर आवडत नाही की काय?”

हितेंद्र मागोमाग आलाच, डोकं खाजवत. “काका, मलाही काही समजत नाही.”

त्याने टेबलावरच्या वाटीजवळ यंत्र धरलं. टकटकटकटक! विल्माने वाटी उचलून दाराबाहेर ठेवली. यंत्र टेबलाशीच होतं. तरी टकटकटकटक!

आता मात्र सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. सुरुचीने टेबलावर एक केळं ठेवलं, केळं ओरडलं. यशोदाचा चष्मा ठेवला, चष्मा ओरडला. स्वतः हितेंद्र टेबलाला टेकला आणि त्याने यंत्र स्वतःच्या छातीशी धरलं, तर तोसुद्धा ओरडला!

“अय्या, हितेंद्रकाका रेडिओॲक्टिव्ह!” सुरुची किंचाळली.

“हवा! खिडकीतून हवा येतेय!” म्हणत यशोदाने धाडकन खिडकी लावली. यंत्राला काही फरक पडला नाही.

गोंधळ, गोंधळ, गोंधळ! कोण काय बोलतंय, कुणालाच ऐकू येत नव्हतं. एवढ्यात दिवेलागणीची वेळ झाली. यशोदाने भीतभीतच देव्हाऱ्यात दिवा लावला. आणि श्यामकांतने, इतक्या वर्षांच्या सवयीने, हात पुढे करून मला उचललं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि मला चावी द्यायला लागला.

मागे यंत्र शांत झालं. टक्…. टक्….

सगळ्यांनी यंत्राकडे पाहिलं. श्यामकांतने मान वळवली. काय झालं ते त्याला कळेना. तो मला घेऊन परत टेबलाशी आला. टकटकटकटक! दोन पावलं मागे गेला. टक्…. टक्…. पुढे आला. टकटकटकटक!

त्याने माझ्याकडे पाहिलं. असं त्याने मला कधीच पाहिलं नव्हतं.

“रेडियम,” तो पुटपुटला. “अरे देवा. ह्याच्या आकड्यांना रेडियम आहे.”

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझा उजेड तर केव्हाच विझला होता! मला वाटायचं, आपल्यात आता काही उरलं नाही. आणि हे यंत्र सांगत होतं की रंगाची चमक गेली, तरी आतलं रेडियम जागंच आहे, अजून रेडिएशन सोडतंय. ज्याच्यामुळे पोरं मला पांघरुणात घ्यायची, त्याच्याचमुळे आता श्यामकांतने मला टेबलावर ठेवून हात धोतराला… छे, लेंग्याला पुसले. मी तोच होतो हो! मी काहीच नवीन केलं नव्हतं.

“टाका ते!” यशोदा ओरडली. “आत्ताच्या आत्ता चौपाटीवर जा आणि समुद्रात सोडून या. निर्माल्यासारखं. जाऊ दे एकदाचं घरातून.”

हितेंद्र पिशवी शोधायला लागलासुद्धा. मी टेबलावर टिकटिकत होतो, दुसरं मला येतं काय?

तेवढ्यात विल्मा आडवी आली. खरं सांगतो, मला वाटलं ही पहिली मला खाली आपटणार. माझ्यामुळे तिचं सगळं वर्ष पाण्यात जायला निघालं होतं.

“समुद्रात?” ती म्हणाली. “वा गं यशोदा! जपानचं पाणी इथे येईल म्हणून आठवडाभर मासे आणले नाहीस, आणि आता हे चौपाटीवर सोडतेस? मासे काय मग दुसरे कुणी खाणार?”

“मग करायचं काय?”

“विचारायचं! माझ्या मिरच्यांना कुणी विचारलं नाही. एकदा टकटक ऐकलंत आणि दार लावून घेतलंत. ह्याला तरी विचारून टाका. हितेंद्र, लाव तुझ्या मैत्रिणीला फोन.”

हितेंद्रने मुकाट्याने फोन लावला. व्हेनेसाचा आवाज खोलीभर घुमला. आधी ती हसली, मग रागावली. “टेबल रिकामं नाही केलंस तू? अरे, आधी रिकाम्या जागेचं मोजतात, मग वस्तूचं!” मग तिने नीट समजावलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्याला या घड्याळाने लगेच काही होत नाही. पण त्याची काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही, उशाशी घ्यायचं नाही, मुलांना खेळायला द्यायचं नाही. आणि कचऱ्यात किंवा पाण्यात तर मुळीच टाकायचं नाही. “मी उद्या रीतसर परवानगी विचारते आणि येऊन घेऊन जाते,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर श्यामकांत विल्माकडे वळला.

“विल्मा,” श्यामकांत म्हणाला, “मी घरोघर जाऊन सांगतो.”

“सांगशील रे. मोठ्याने सांग.”

आणि त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन तो आणि हितेंद्र वाडीतल्या दारादारांत उभे राहिले. मिरच्या कुणाच्या पायरीवर ठेवून, कुणाच्या ओट्यावर ठेवून, सगळ्यांना ती संथ टक्… टक्… ऐकवली. बरीच गिऱ्हाइकं परत आली. यशोदाने एकीच्या जागी दोन बाटल्या लिहायला सांगितल्या आणि विल्माने त्या लिहून घेतल्या. पण सगळी परत आली नाहीत. काहींनी पहिली बातमी ऐकली होती, दुसरी ऐकायला त्यांना वेळ नव्हता. त्या वर्षी विल्माच्या जिन्याखाली एक पोतं तसंच पडून राहिलं.

माझा मुक्काम आता एका कॉलेजच्या कुलूपबंद कपाटात आहे, शिशाच्या जाड डब्यात. चावी कुणी देत नाही, त्यामुळे टिकटिक बंद आहे. वर्षातून एक-दोनदा व्हेनेसा मला चिमट्याने बाहेर काढते, मुलं भोवती जमतात आणि यंत्र टकटकायला लागलं की “हाऽऽ” करतात. मी आनंदी व्हावं की ओशाळावं, ते मला त्याही वेळी समजत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला उघडू नका आणि फेकूनही देऊ नका. जाणत्या माणसाला विचारा. भीती वाटली तर जरूर मोजा, मोजायलाच हवं, आणि कुणी मोजलं असेल तर किती निघालं हेही विचारा. पण कुणावर बोट ठेवण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसलंय, ते एकदा बघा. विल्माच्या मिरच्यांच्या शेजारी मी होतो. सगळे ताटलीकडे बघत होते आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वेळ दाखवत बसलो होतो.