एकमताने मंजूर

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. 'एकमताने मंजूर' एवढीच माझ्या अंगावरची अक्षरे. पंख्यांची पाती बनवणाऱ्या आणि शेअर बाजारात नाव असलेल्या एका कारखान्यात, सचिवांच्या टेबलाच्या वरच्या खणात मी राहतो.

पूर्वी माझे काम बैठक संपल्यावरच सुरू होई. संचालक तावातावाने भांडत, चहा गार होई, मग कुठे माझी पाळी येई. पुढे नफा वाढला, तशी भांडणे आटली. सचिव मोठे कामसू. बैठकीचे इतिवृत्त ते आदल्या दिवशीच टाइप करून त्यावर माझा ठसाही उमटवून ठेवू लागले. "हे लग्नाआधी पाळणा बांधतील!" म्हणत अध्यक्ष त्यांची पाठ थोपटत. मलाही तेव्हा मौज वाटे.

एकदा ठराव आला: पाती कापणाऱ्या प्रेस यंत्राची तुटलेली संरक्षक जाळी पुढच्या तिमाहीत बदलावी. आत्ता यंत्र आठ दिवस बंद ठेवले, तर नफा घटेल आणि शेअर पडेल. बाहेरून नेमलेल्या एक स्वतंत्र संचालक होत्या. माघारी त्यांना सगळे 'शंकाबाई' म्हणत. त्या तेवढ्या बोलल्या.

"त्या यंत्रात माणूस हात घालतो. माझा विरोध लिहून घ्या."

सचिव चाचरले. "बाई, पानं तयार आहेत. शिक्काही पडलाय."

"मग पान बदला की."

"एका पानासाठी कुठं अडून बसता?" अध्यक्ष हसले. "तुमचं म्हणणं राहील आमच्या लक्षात."

बाईंनी चष्मा पुसला आणि सही केली.

तिसऱ्या आठवड्यात प्रेसवरच्या कारागिराच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. चौकशीत ते पान निघाले. माझा ठसा ठळक होता, खाली बाईंची सही होती. आपण विरोध केला होता, असे त्या सांगत राहिल्या. कुणालाच ते आठवेना. कारागिराची बायको दाराशी उभी होती. तिने एवढेच विचारले, "ताई, तुम्ही पण हो म्हणालात?"

बाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मला वाईट वाटायला हवे होते, पण काहीच वाटले नाही. तेव्हापासून मी बधिरच आहे.

शेअर मात्र पडला नाही.

कारागिराला आता ऑफिसात हलके काम दिले आहे. आज सचिवांनी मला त्याच्या डाव्या हातात दिले. "उद्याच्या बैठकीची पानं आहेत. नीट दाबून मार, ठसा पुसट नको."

"साहेब, बैठक उद्या, मग मंजूर आजच कसं?"

"तू मार रे."

तो मारतो आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखा एखादा शिक्का तुमच्याही हाती येईल. खोलीतल्या शेवटच्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत त्या शिक्क्याला खणातच राहू द्या. माझ्याकडून ते आता व्हायचे नाही.

त्याचा डावा हात दुखू लागला आहे. अजून अकरा पाने राहिली आहेत.