प्रेमिलाबाईंच्या वर्गातला कोरा माठ

मी माठ बोलतो आहे. हसू नका. माणसं एकमेकांना हे नाव कोणत्या अर्थानं ठेवतात ते मला ठाऊक आहे. मी दोन महिने शाळेत काढले आहेत. बाई कोणावर तरी वैतागून "अरे माठा" म्हणाल्या, की सुरुवातीला मला वाटायचं, मलाच विचारताहेत. उत्तर मलाही येत नसे.

माझा जन्म लकडगंजामागच्या कुंभारपुऱ्यात, चंपतरावांच्या अंगणात, शहात्तर सालच्या फाल्गुनात झाला. चाकावर मी लोट्याएवढाच होतो. पोट आलं ते थापीनं ठोकून ठोकून. आव्यातून भाजून निघालो तेव्हा गळ्याशी चंपतरावांच्या अंगठ्याचा ठसा राहून गेला होता. ते म्हणाले, "राहू दे, ओळख राहीन."

गिऱ्हाईक माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतं. जावई निवडताना लोक इतकंही करत नाहीत. प्रेमिलानं, म्हणजे पुढं ज्या माझ्या बाई झाल्या त्यांनी, मात्र मला वाजवलं नाही. ती अंगणात उभी राहून म्हणाली, "पारशिवनीच्या रामाजीची पोरगी मी. बाबा दरवर्षी तुमच्या इथूनच माठ नेत."

"आन यंदा?"

"बाबा कार्तिकात गेले."

चंपतराव उठले. बाहेर मांडलेली माठांची रांग सोडून आत गेले आणि मला घेऊन आले.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं नवा माठ भरून ठेवतात. आधी त्यानं प्यायचं, मग घरच्यांनी; तोवर माठाला कोणी तोंड लावायचं नाही. रामाजींची ही पहिलीच अखाजी, आणि प्रेमिला त्यांची एकुलती एक. आईचं पत्र आलं होतं, "तुह्या बापाचा माठ तूच आण."

तिच्या भाड्याच्या खोलीत तीन बाया आणि एक स्टोव्ह राहत होता. म्हणून मी शाळेत आलो, चौथीच्या वर्गात, कोपऱ्यातल्या तिवईवर. तोंडाला फडकं बांधलेलं.

दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर मारोतराव दारात उभे. "बाई, रिकामा माठ काहून ठेवला?"

मागच्याच आठवड्यात तिनं मुलांना शिकवलं होतं की भुतंखेतं नसतात. आता पितरांचं नाव कसं घ्यावं? "पोरांसाठी आणला, सर," ती म्हणाली. "रिझल्टच्या दिवशी भरू."

खोटं बोलायचं तर तारीख घालून बोलावं, म्हणजे ते खरं वाटतं. पण तारीख घातलेलं खोटं त्या तारखेला दारात येऊन उभं राहतं. हे दुसरं वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं.

एप्रिल लागला, शाळा सकाळची झाली आणि बाईंचं वागणं बदललं. मला वाटत होतं, माणसाला नव्या वस्तूचा आनंद होतो. ह्या बाईला संपणाऱ्या वस्तूंचा होई. खडू नखाएवढा उरला तरी ती नवी पेटी मागेना. तुकडा बोटांत फिरवी, फळ्यावर अर्धं अक्षर काढी आणि हसे. लाल पेन्सिल इतकी झिजली की तिला कागदाची पुंगळी लावावी लागली. तीही तिला आवडली. हजेरीच्या पानावर शेवटच्या तीन घरांना ती बोट लावून बघे. दौतीत तळाला दोन थेंब राहिले तेव्हा तिनं दौत उजेडात धरली, एखादीनं नवीन बांगडी धरावी तशी. मारोतराव ह्याच वस्तूंकडे पाहून सुस्कारे टाकत, कारण पुढच्या वर्षीची मागणी त्यांना तीन प्रतींत लिहायची होती.

मुलांकडून जप्त केलेल्या कैऱ्या टेबलाच्या खणात साठत. वर्ग सुटला की ती एक हातात घेई, वास घेई आणि परत ठेवी. अखाजीच्या आधी आंबा खायचा नाही, हाही नेम होता. मग माझ्याजवळ येऊन तिवई सरळ करी. ती सरळच असे. "चौदा दिवस, बाबा," असं एकदा माझ्याकडे पाहून म्हणाली. मी माठ, मला बाबा म्हणणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी माझ्या रिकाम्या पोटात काहीतरी घुमलं. वारा असेल.

एक मेला झेंडावंदन आणि रिझल्ट. अखाजी दुसऱ्या दिवशी. बस दोन वाजता. बाईंची पिशवी सकाळीच भरलेली, मला बसवायला चुंबळही तयार.

पालकांची ही गर्दी. ऊन असं की छपराचे पत्रे तडतड वाजत होते. व्हरांड्यातली शाळेची टाकी दहालाच आटली. प्रेमिला ऑफिसात सह्या घ्यायला गेलेली. शिपाई गोविंदा, रिटायर व्हायला वर्ष राहिलेला सरळ माणूस, वर्गात डोकावला. "बाईनं म्हटलंच होतं, रिझल्टच्या दिवशी भरू," असं पुटपुटत त्यानं माझं फडकं सोडलं आणि बाहेरून आणलेल्या दोन बादल्या आत ओतल्या.

खोटं कशाला बोलू? पहिलं पाणी पोटात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

ती परत आली तेव्हा मारोतराव पेला तोंडाला लावून उभे होते. मागं पालकांची रांग. "बाई, पाणी फस्कलास आहे," ते म्हणाले. "असा माठ ऑफिसात पाहिजे."

ती "हो, सर" म्हणाली आणि बाकावर बसली. शेवटच्या माणसाचं पिऊन होईस्तोवर तिथंच बसून राहिली. हातात रिझल्टचे कागद. सगळी मुलं पास.

मग मला पालथं करून, काखेत मारून ती चंपतरावांकडे धावली. अंगणात खापराशिवाय काही नव्हतं. अखाजी तोंडावर, सगळा माल उठलेला. चंपतरावांनी माझ्या गळ्यावरचा ठसा पाहिला.

"हा माहाच हाये. याले का झालं?"

"हेडमास्तर प्याले यातून. सगळेच प्याले."

"मंग? हेडमास्तर का म्हैस व्हय, तोंड घालून प्यायले?"

तिला हसू आलं नाही. दुसऱ्या कुंभाराकडे जायला वेळ नव्हता आणि मनही नव्हतं. ती मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. कोराडीच्या रस्त्यावर वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक पुढे होते. माझ्या पोटावर राख बसे आणि ती पदरानं पुसे. ज्या सुट्टीसाठी तिनं खडूचे तुकडे जपले होते, ती सुट्टी सुरू झाली होती आणि ती खिडकीबाहेरसुद्धा बघत नव्हती.

दारात तिची आई मनकर्णा उभी होती. प्रेमिलानं चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, "आई, माठ कोरा नाही राहिला. उष्टा झाला. माझ्याच थापेनं झाला."

मनकर्णानं माझ्या बुडाला हात लावून पाहिला. बूड अजून ओलं होतं.

"काहून रडून राहिली वं?" ती म्हणाली. "तुले का वाटते, तुहा बाप कोरा आणत होता? स्टँडच्या नळावर भरे अन् अर्ध्या बसले पाजत ये. पितरायच्या आधी कंडक्टर पे. दरसाल बूड ओलं. मी का आंधळी होती?"

"मग तू बोलली नाहीस कधी?"

"एकदा बोलली. तर म्हणे, ओझं हलकं करून राहिलो होतो."

प्रेमिला तशीच उंबऱ्यावर बसली. आधी हसली, मग बराच वेळ रडली. मनकर्णानं तिला रडू दिलं आणि मला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलानं मला विहिरीच्या पाण्यानं भरलं. रामाजी बसत त्या खांबाशी ठेवलं, वर आंबा ठेवला. पण त्याआधी एक पेला आईला दिला, एक स्वतः प्याली. मग हात जोडून म्हणाली, "घ्या बाबा. वाटेत हलका केला."

ह्याला दहा वर्षं झाली. प्रेमिला लग्न होऊन कोराडीच्या कॉलनीत गेली, तिथल्या शाळेत शिकवते. तिच्याकडे फ्रिज आहे, असं ऐकतो. माझी छिद्रं बुजली, माझ्यात पाणी थंड होत नाही. तरी दर मे महिन्यात ती येई आणि माझ्यातलंच कोमट पाणी पिई. मनकर्णा म्हणे, "पोरीचं डोकं फिरलं."

मनकर्णा ह्या पौषात गेली. घराला कुलूप आहे. मी पडवीत पालथा आहे आणि एप्रिल चालू आहे. दुपारच्या बसचा आवाज आला की मी कान देतो. तिचा खडू आता केवढा उरला असेल, ह्याचा हिशेब करतो.

ह्या अखाजीला आईच्या नावाचा माठ लागेल. तो मी नव्हे, एवढं मला कळतं. तिनं नवा आणावा, गळ्याशी ठसा असलेला मिळाला तर फारच छान. माझी तक्रार नाही. फक्त स्टँडच्या नळावर तो भरायला तिनं विसरू नये, आणि कंडक्टरला आधी पाणी विचारावं.

उरलं तर दोन घोट माझ्यात ओतावे. बुडाला ओल लागून फार दिवस झाले.