मास्तरांचा लाल रुमाल

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे अमृतराव कंडक्टरांच्या नाकातून पहिला थेंब तिकिटांच्या पेटीवर पडला. त्यांनी सवयीने खिशातला लाल रुमाल काढला, मान मागे टाकली आणि दांड्याला टेकून उभे राहिले.

"मास्तर, घोळणा फुटला का?" पुढच्या सीटवरच्या पारुबाईने पिशवीतला कांदा बुक्कीने फोडला. "घ्या, हुंगा. काहून इतकी उष्णता हो तुमच्या अंगात?"

"बापाकडून आली," म्हणत अमृतरावांनी कांदा हुंगला. जन्मभरात त्यांनी ढिगाने कांदे हुंगले होते. डोळ्यांना पाणी तेवढं आलं, गुण एकाचाही आला नाही. आता तर दोन टप्पे उभ्याने झाले तरी धाप लागायची.

अमृतरावांच्या घरात पांढरा रुमाल कोणी विकत घेत नसे. चांगुणाबाई, त्यांची बायको, लाल कापडाचे रुमाल शिवी आणि अदलाबदल नको म्हणून कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने ज्याचं त्याचं अक्षर काढी. थोरल्या लेकाच्या, प्रज्ञेशच्या अक्षराचा रुमाल मात्र न वापरताच राहिला. त्याचा घोळणा कधी फुटला नाही, त्यामुळे उन्हातली कामं त्याच्या वाट्याला. हिंगोली जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात अमृतरावांनी त्याला भर दुपारी पत्रे बदलायला वर चढवलं. संध्याकाळी पोरगा डोकं धरून बसला. घरच्यांनी डोक्यावर पाणी ओतलं, तळपायांना कांदा चोळला. सकाळी तो उठलाच नाही. ऊन लागलं, असं सगळा गाव म्हणाला.

लग्न असो की वंदना, त्यांच्या समाजात कपडे पांढरे. म्हणून अमृतराव विहारात कधी पुढे बसले नाहीत. दाराशी, चपलांजवळ बसायचे; नाक वाहू लागलं की गुपचूप सटकायचे.

त्या दिवशी ड्युटीवरून घरी आले, तर लेक करुणा आलेली. ती नांदेडला नर्सिंग शिकत होती. मागे अमृतराव तिला भेटायला गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या ओठांवरचे लाल ठिपके पाहून बापलेकीचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं.

"बाबा, ही उष्णता न्हाई," ती म्हणाली. "तुमी बेल देता, ड्रायव्हर ऐकतो, तवा गाडी थांबती, निघती. रक्ताच्या नळ्या घडताना तिथल्या पेशींलाबी बेल असती. ती ऐकणारा कान म्हंजी रिसेप्टर. त्यो कान बनवणारे जीन दोन असतात. आपल्यात एक चांगला, एक बिघडलेला. मंग बेल अर्धीच ऐकू येती. मधल्या बारीक नळ्या बराबर घडतच न्हाईत, मोठ्या नळ्या एकमेकींला थेट जुडतात, फुगतात, फुटतात. नाकात फुटली की घोळणा."

"अन् डोक्यात फुटली तर?"

चांगुणाबाईंनी तव्यावरची भाकर उलटायचं सोडून चूल विझवली.

प्रज्ञेशची तपासणी आता कोण करणार? पण अमृतरावांना जे कळायचं ते कळलं. इतकी वर्षं ते उन्हाला शिव्या देत आले होते. स्वतःलाही देत, पण निम्मा भार उन्हावर होता. आता ऊन सुटलं आणि सगळं त्यांच्या रक्तावर आलं.

"तुलाबी हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय. सुगतच्या घरी सांगावं लागंल."

सुगत जवळा बाजारचा. त्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं.

"खुळी झालीस का? ठरलेलं मोडंल. लग्न होऊ दे, मंग सांग."

"मला सांगितलं व्हतं का कोणी?" चांगुणाबाई एकदम बोलल्या. "लग्नातच तुमचा सदरा लाल झाला. तुमची आई म्हनली, पोरानं आंबे लई खाल्ले. उशा धुता धुता कळलं मला. पळून न्हाई गेले मी. पन कोणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं."

अमृतराव ताटावरून उठले. जेवण तसंच राहिलं.

पुढच्या सुट्टीला ते एकटेच जवळा बाजारला गेले आणि सुगतच्या वडिलांना, माणिकरावांना, सगळं सांगून मोकळे झाले. प्रज्ञेशचंही सांगितलं. माणिकरावांनी तंबाखू मळायला घेतली.

"इवाई," ते म्हणाले, "आमच्या घरात साखर हाय. बापाचा पाय कापला, आता माझा चालला. आमी कुठं सांगितली तुमाला?" मग त्यांनी चहा मागवला, पाहुण्याला गोड, स्वतःला फिका.

हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. परतीच्या गाडीत अमृतराव नुसते दमून बसले.

लग्नात करुणाची एकच अट होती, बाबांनी पुढे बसायचं. चांगुणाबाईंनी इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून ते पुढे बसले. त्रिशरण सुरू झालं आणि नाकात ती ओळखीची ऊब आली. अमृतराव चपलांकडे जायला अर्धे उठले.

करुणाने हात लांबवून त्यांचा सदरा धरला. पांढऱ्या साडीच्या कमरेला तिने स्वतःसाठी एक लाल रुमाल खोचला होता. तो सगळ्या मांडवादेखत काढून तिने त्यांच्या हातात दिला.

"बसा, बाबा. मान मागं टाकू नका. पुढं वाकवा."

त्यांनी मान वाकवून नाक दाबून धरलं. मागच्यांना वाटलं असेल, मास्तर वंदन करून राहिले. रुमाल कडक होता, न वापरलेला. कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा 'प्र' होता. अमृतरावांनी तेवढा कोपरा दुमडून मुठीत घेतला, रक्त लागू नये म्हणून.