पार्वतम्मांच्या मधातला मी

मी एक जुना बीजाणू आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगतो, माफी मागायला आलेलो नाही. बीजाणू म्हणजे कवच पांघरून झोपलेला जंतू. डॉक्टर आमच्या जातीला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. आमच्या कुळात ए, बी अशा शाखा आहेत. कुणी एका प्रकारचं विष करतो, कुणी दोन प्रकारचं. विष सगळ्यांचंच जहाल. नसांचा निरोप ते स्नायूंपर्यंत पोचूच देत नाही.

माहूरच्या डोंगरातल्या मातीत मी किती वर्षं पडून होतो, कोण जाणे. ऊन, पाऊस सगळं झेललं. एके दिवशी धुळीबरोबर उडून फुलावर पडलो, मधमाशीला चिकटून पोळ्यात गेलो आणि तिथून बाटलीत. रेणुकादेवीच्या दर्शनाला आलेल्या पार्वतम्मांनी ती बाटली पारखून घेतली आणि शिरूर अनंतपाळला नेली. मधात मी झोपूनच असतो. मोठ्यांच्या पोटात गेलो तरी तिथले जुने रहिवासी जंतू मला हातपाय पसरू देत नाहीत. तान्ह्या बाळाचं पोट मात्र मोकळं रान.

पार्वतम्मांचा नातू शिवांश तीन महिन्यांचा होता. सून अंबिका म्हणाली, "अव्वा, डॉक्टरनं दुधाबिगर कायबी देऊ नका म्हणलंय."

"हाव," म्हणून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. घरातल्या प्रत्येक लेकराला त्यांनी सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली होती. मग याचंच काय वाकडं होणार होतं? बाई मोठ्या काळजीवाल्या. मध फडक्यातून गाळला, उकळला आणि पुन्हा बाटलीत भरला. मला हसू आलं. आमचं विष उकळल्यावर नासतं, मी नाही! अंगठीला लागून माझी भावंडं बाळाच्या पोटात गेली. मी बाटलीच्या तळाशी राहिलो.

सुनेची पाठ वळली की चाटवणं चाले. पंधरवड्यात बाळाला शी होईना. मग दूध ओढवेना, पापण्या मिटू लागल्या, रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं. पार्वतम्मांनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. अंबिकेनं मात्र बाळ उचललं आणि लातूर गाठलं. सासूबाईही पिशवीत बाटली घालून निघाल्या. शी व्हावी म्हणून आणखी एक बोट चाटवायचा त्यांचा विचार होता. म्हणून पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचा हात उचलून सोडला. तो चिंधीसारखा पडला. "दुधाशिवाय काही दिलंत का? मध वगैरे?"

"न्हाई," अंबिका म्हणाली.

पार्वतम्मांची पिशवीवरची मूठ आवळलेली. गप्पच राहा बाई, मी मनात म्हणत होतो, तुम्ही लपवलंत की आमचं फावतं. पण त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"म्या देला. पर उकळून देला की ओ!"

अंबिकेनं बाटली सासूच्या हातापासून लांब सरकवली.

"आजी, यातले बीजाणू उकळूनही मरत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "सांगितलंत ते बरं केलंत. आता दुसरीकडं कारण शोधण्यात वेळ जायचा नाही."

नमुने तपासायला गेले, त्यात चमचाभर मधही. औषध लांबून मागवलं. शिवांश तीन आठवडे श्वासाच्या यंत्रावर होता. विषानं अडवलेल्या नसांना नवे कोंब फुटतात, हे आमच्या कुळाला कधीच आवडलेलं नाही. चौथ्या आठवड्यात तो खणखणीत रडला. पार्वतम्मा दवाखान्याच्या भिंतीला टेकून त्याच्याहून मोठ्यानं रडल्या. मी हरलो होतो, हे मान्य करायला मला अजूनही जड जातं.

परत आणलेली बाटली अजून घरच्या फळीवर आहे आणि मीही. मित्रांनो, घरात पाळणा हलत असेल तर बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत त्याला मधाचं बोटसुद्धा लावू नका. हिंमत असेल तर एवढं करून दाखवा! मी वाट पाहायला कंटाळत नाही.

परवाच शेजारच्या कमलम्मा नवी नात झाल्याचे पेढे घेऊन आल्या. अंगठी बुडवण्यापुरता मध मागू लागल्या. मी तळाशी सावरून बसलो.

पार्वतम्मांनी झाकणावर हात ठेवला. "वर्षाची होऊ दे पोरगी. तवर न्हाई."

"आवो, उकळून देते की म्या."

"उकळलेलाच हाय त्यो," पार्वतम्मा म्हणाल्या.